सायकलपटू, सायकलवाला आणि आम्ही

आम्ही तिघे शिरूर आणि दौंड या लगतच्या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. तिघांनीही चाळिशी ओलांडली आहे, तिघांनाही रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि २०२३ पासून आम्ही तिघेही सायकलने कामावर जातो. या तीन सायकलींपैकी सर्वांत स्वस्त सायकल ८२ हजारांची आणि सर्वांत महाग सायकल १ लाख ६५ हजारांची आहे. हे आकडे आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते या आकड्यांना बगल देऊन लिहिता येणार नाही. आणि या विषयावरचे बहुतेक मराठी लेखन ती बगल देऊनच लिहिले जाते, हीच आमची तक्रार आहे.

निमित्त एका सत्काराचे. २०२५ च्या २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या कार्यक्रमात, आमच्यापैकी एकाचा त्याच्या महाविद्यालयात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दारात चारचाकी उभी असताना सर रोज बावीस किलोमीटर सायकलने येतात-जातात, साधी राहणी आणि उच्च विचारसरणी यांचा वस्तुपाठ त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला आहे, असे वक्ते म्हणाले. टाळ्या झाल्या. श्रीफळाचे ताट धरून जे सेवक व्यासपीठाच्या कडेला उभे होते, त्यांना सारे महाविद्यालय मामा म्हणते. मामा एकवीस वर्षे नऊ किलोमीटरवरच्या वाडीवरून सायकलने येत आहेत. त्यांच्या येण्याजाण्याला कोणी वस्तुपाठ म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सत्कारमूर्तींनी उत्तरादाखल पर्यावरणावर चार वाक्ये सांगितली आणि ते खाली बसले. ती चार वाक्ये आम्ही तिघांनी आदल्या रात्री मिळून जुळवली होती, त्यामुळे ती तिघांनाही अजून बोचतात.

मामांना स्वतःला या प्रकाराचे काही वाटले नाही, हेही सांगितले पाहिजे. कार्यक्रम आटोपल्यावर ते सत्कारमूर्तींच्या सायकलीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “सर, एवढी महागाची सायकल, आन् तिला श्टँड कसं काय नाय?”

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमच्या सायकलीला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनवर झाकण नाही. घंटी होती, ती दुकानदाराने काढून खोक्यात टाकून दिली, कारण ती चांगली दिसत नव्हती म्हणे. सायकल या वस्तूला कामाची वस्तू बनवणारे जे जे काही असते ते ते या जातीच्या सायकलीवरून काढून टाकलेले असते आणि जितके अधिक काढावे तितकी किंमत चढत जाते. मामांची काळी सायकल वीस-बावीस किलोंची असावी. आमची नऊ किलोंची. परंतु मामांच्या सायकलीवर सकाळी दुधाची किटली असते, संध्याकाळी वाढ्याचा भारा असतो आणि शनिवारी पुढच्या नळीवर नातू असतो. आमच्या सायकलीवर आम्ही असतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे घरी न्यायचे झाले तेव्हा ते एका सहकाऱ्याच्या मोटारीतून पाठवावे लागले. ‘साधी राहणी’ हा शब्दप्रयोग या दोन वाहनांपैकी कोणाला लागू पडतो, हे सांगायला मराठीची पदव्युत्तर पदवी लागत नाही.

सायकल महाग असणे हा अपराध आहे, असे आमचे म्हणणे नाही. येथे एका विरुद्ध पक्षालाही उत्तर दिले पाहिजे. प्राध्यापक-कक्षात आमच्या सायकलींची जी टिंगल होते ती बहुधा दहा-बारा लाखांच्या मोटारीतून एकेकटे येणाऱ्यांकडून होते. “एवढ्या पैशांत मोटारसायकल आली असती,” हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. आली असती हे खरेच. पण ज्यांच्या मोटारीच्या वर्षभराच्या पेट्रोलमध्ये आमची एखादी सायकल बसते, त्यांनी किमतीचा हिशेब आम्हांला विचारावा हे गमतीचे आहे. शिवाय या महागड्या सायकलीचे गुण खोटे नाहीत. पावसाळ्यात या भागात पाऊस बेताचाच पडतो, परंतु पश्चिमेचा वारा असा सुटतो की दौंडहून पाटसच्या दिशेने जाताना सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो. त्या वाऱ्यात गिअर नसलेली जड सायकल हाकत जाऊन पहिल्या तासाला वर्गात उभे राहणे पंचेचाळिशीच्या माणसाला झेपणारे नाही. चकतीचे ब्रेक ओल्या रस्त्यावरही लागतात, हे आम्ही एका म्हशीसमोर अनुभवले आहे. वस्तू चांगली आहे आणि ती आमच्या ऐपतीत आहे. आम्ही घेतली. हे एवढेच म्हणून थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पण आम्ही एवढ्यावर थांबत नाही. वस्तू घेतल्यावर आम्हांला पुण्यही हवे असते.

थोर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ लिहिला, तेव्हा त्याच्यासमोरचा श्रीमंत माणूस उधळपट्टी दाखवून आपला दर्जा सिद्ध करत होता. आमच्या पिढीतील स्थिर पगारदाराची रीत त्याहून चलाख आहे. तो काटकसर दाखवतो, मात्र ती काटकसर विकत घेतो. हातमागाचा कुर्ता, मातीची भांडी, गावरान तूप, लाकडी घाण्याचे तेल आणि आता सायकल. जी गोष्ट गरिबाच्या घरात नाइलाज म्हणून असते तीच दहापट किमतीला आणली की ती ‘जीवनशैली’ होते. आमच्यातील एकाला इव्हान इलिचचे ‘एनर्जी अँड इक्विटी’ हे १९७४ चे छोटे पुस्तक फार प्रिय आहे आणि सायकलवर बसलेला माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा तीन-चार पट वेगाने जाऊनही कितीतरी कमी शक्ती खर्च करतो, हा त्यातील मुद्दा तो विद्यार्थ्यांना वारंवार सांगत असे. मात्र सायकल स्वस्त असते आणि ती मिळवण्यासाठी माणसाला थोडेच तास राबावे लागते, हाही इलिचच्या युक्तिवादाचा तितकाच महत्त्वाचा पाय आहे. तो परिच्छेद आमच्या मित्राने वर्गात कधी वाचून दाखवल्याचे स्मरत नाही.

मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला या साऱ्याचा पुरावा शब्दांतच सापडतो. ट्रकच्या धडकेत मरतो तो ‘सायकलस्वार’. रविवारी शंभर किलोमीटर जाऊन येतो तो ‘सायकलपटू’. त्यावर पुरवणीत लेख लिहितो तो ‘सायकलप्रेमी’. पाव, अंडी, भंगार घेऊन दारावर येतो तो ‘सायकलवाला’. आणि मामांसारखा जो नुसता कामावर येतो-जातो, त्याला नामच नाही. “ते सायकलवर येतात” असे म्हणून क्रियापदावर त्याची बोळवण होते. मामा सायकल ‘चालवतात’, आम्ही ‘सायकलिंग’ करतो. ‘दुचाकी’ हा शब्द एके काळी सायकलीचाच होता. मोटारसायकलीने तो कधी काढून घेतला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ‘गाडी’ हा शब्द तर आता इंजिन असल्याखेरीज लावतच नाहीत. भाषेने सायकलीकडून एकेक नाव काढून घेतले आणि सायकल महाग होऊन परतली तेव्हा तिच्यासाठी नवी नावे घडवली, पण ती सर्व बसणाऱ्याच्या गौरवाची.

परतली असे म्हणतो, कारण सायकल आपल्याकडे मुळात श्रीमंताची वस्तू म्हणूनच आली. दोन सारख्या चाकांची आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास सिद्ध झाली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव काढली. किर्लोस्कर समूह आपले स्थापनावर्ष म्हणून जे १८८८ साल सांगतो ते बेळगावातील सायकलच्या दुकानाचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, म्हणजे व्यवसायाने आमच्याच जातकुळीतले. बढतीत डावलले गेल्यावर ते नोकरी सोडून बेळगावला गेले. त्या काळी सायकल सामान्य कारकुनाच्या आवाक्यातली नव्हती आणि ती चालवायला शिकण्याचेही पैसे पडत. याच घराण्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ काढले. आधुनिक मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्ही नांगर आणि छापखाना सांगतो, पण त्याच्याही मागे एक सायकलचे दुकान होते हे सांगायचे राहून जाते. (परीक्षेत विचारत नाहीत, हे कारण विद्यार्थ्यांचे असते तसे अध्यापकांचेही असते.)

एच. जी. वेल्सची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही १८९६ ची कादंबरी आमच्या विषयाला फार जवळची आहे. तिचा नायक हूपड्रायव्हर कापडदुकानातला नोकर. वर्षाची सुटी मिळते, तो जुन्या सायकलवर निघतो आणि अंगावरच्या सायकलस्वाराच्या पोशाखामुळे लोक त्याला कोणी प्रतिष्ठित गृहस्थ समजू लागतात. सायकलीने वर्ग लपतो, ही वेल्सला दिसलेली गंमत. आपल्याकडे आज नेमके उलटे झाले आहे. सायकल दुरूनच ओळखू येते आणि तिच्यावरून बसलेल्याचा वर्ग ओळखू येतो. महाविद्यालयाच्या फाटकावरील रखवालदाराने मामांच्या सायकलीला पाण्याच्या टाकीमागची जागा दाखवली आहे. आमची सायकल एका रिकाम्या वर्गखोलीत कुलूप लावून ठेवली जाते. खोलीची मागणी आम्ही केली नव्हती. मिळाली तेव्हा नाकारलीही नाही.

मधल्या काळात सायकल खाली उतरली होती. आमच्या लहानपणी, १९९० च्या आगेमागे, ती तासावर भाड्याने मिळे आणि नळीच्या मधून पाय घालून, हाफ पायडल मारत आम्ही ती शिकलो. दौंडच्या रेल्वे वसाहतीतून पाळी बदलण्याच्या वेळी सायकलींचा लोंढा निघे, तो आमच्यातील एकाने डोळ्यांनी पाहिला आहे. त्यात फिटरही असत आणि कारकूनही. लुधियानाच्या हिरो कंपनीचे नाव जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून १९८६ मध्ये गिनेस बुकात गेले, ते याच खाली उतरलेल्या सायकलीच्या जोरावर. पुढे मोटारसायकल हप्त्याने मिळू लागली. ज्याला हप्ता झेपला तो सायकलीवरून उतरला, ज्याला नाही झेपला तो राहिला. तरीही २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते, आणि हे प्रमाण तेव्हा मोटारसायकल-स्कूटरने जाणाऱ्यांच्या बरोबरीचे होते. या कोट्यवधी माणसांनी पुरवणीत एकही लेख लिहिलेला नाही. अॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला. ती तारीख ३ जूनची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ठरवून दिलेल्या जागतिक सायकल दिनाची. त्याच टाळेबंदीच्या काळात मजूर सायकलींवरून शेकडो किलोमीटर गावी चालले होते आणि त्याच वर्षी महागड्या सायकलींना शहरांत मागणी वाढली.

आता या नव्या सायकल-लेखनाविषयी थोडे. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत सायकलप्रवासाच्या वर्णनांचे पीक आले आहे. त्यातील काही माणसांचे पराक्रम खरोखर थोर आहेत. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत पूर्ण करून आले, त्याला आम्ही मनापासून दाद देतो. तक्रार लेखनाच्या साच्याविषयी आहे. पहाटेचा गारवा, उजाडणारी क्षितिजरेषा, मग एक टपरी, टपरीवर चहा देणारी मावशी किंवा एखादे आजोबा. मावशी विचारतात, “एवढ्या लांब सायकलवर? गाडी नाही का?” लेखक मंद हसतो. पुढच्या वाक्यात भोळ्या ग्रामीण माणसाविषयी जिव्हाळा येतो आणि पुढच्या परिच्छेदात लेखक पुन्हा मार्गस्थ होतो. मावशींचा प्रश्न हा विनोद म्हणून ठेवलेला असतो.

आम्हांलाही हा प्रश्न विचारला गेला आहे. न्हावऱ्याच्या रस्त्यावर, उसाच्या फडाच्या कडेला, एका बाईंनी आमच्यातील एकाला थांबवून विचारले, “काय ओ सर, पगार नाय झाला व्हय?” आपणही हसलो, असे त्याने आम्हांला सांगितले. मग आम्ही तिघांनी त्या प्रश्नाचा कीस काढला, आणि आमच्या समीक्षेच्या सर्व परिभाषेपेक्षा तो प्रश्न अधिक अचूक आहे असे आमचे मत झाले. त्या बाईंच्या अनुभवात सायकल म्हणजे पगार न झाल्याची खूण. तिच्यावर बसायला कारण लागते आणि ते कारण पैशाचे असते. आपण सायकलवर का आहात, निवडीने की नाइलाजाने, हे त्यांनी सात शब्दांत विचारले. प्रवासवर्णनकाराला हा प्रश्न भोळा वाटतो, कारण त्याचे उत्तर द्यायचे तर आपला पगार सांगावा लागेल.

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक बाई आहेत. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेल्या. एसटीने फाट्यापर्यंत येतात आणि तिथून दोन किलोमीटर चालतात. आमच्या नव्या उत्साहाच्या दिवसांत आम्ही त्यांना सल्ला दिला की मॅडम, फाट्यावर एक सायकल ठेवा, व्यायामही होईल. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही सायकलवर आलात तर मुलं म्हणतात, सर फिट आहेत. मी आले तर म्हणतील, तासिकावाल्या मॅडमना परवडत नाही.” आमची सायकल त्यांच्या एका सत्राच्या मानधनाहून महाग आहे. त्यानंतर आम्ही हा सल्ला कोणाला दिलेला नाही. असो.

रस्त्याविषयी मात्र आम्हांला तपशिलाने लिहायचे आहे, कारण शब्दांनी वेगळी केलेली ही दोन माणसे रस्त्यावर एकत्र येतात. न्हावऱ्याकडे आणि तिथून भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गळिताच्या हंगामात उसाची वाहतूक चालते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे कित्येकदा दिवा नाही की परावर्तक नाही आणि चालकाच्या कानाशी मोठ्याने लावलेली गाणी. अशा ट्रॅक्टरला मागून घंटी ऐकू जाणे शक्य नसते. सायकलवाल्याने खाली उतरावे अशी अपेक्षा असते, पण उतरायचे कुठे? साइडपट्टी डांबरापासून वीतभर खाली, कुठे खडी, कुठे काटेरी झुडपे, कुठे टपऱ्या. मामांची जाड धाव ती उडी सहन करते. आमच्या बोटभर रुंदीच्या धावेला ती सहन होत नाही, म्हणजे या एका बाबतीत सहा हजारांची सायकल आमच्या सायकलीपेक्षा सरस आहे. उलट, आमच्या मागे तीन हजारांचा लुकलुकणारा लाल दिवा आहे आणि मामांच्या मडगार्डवरचा लाल काचतुकडा फुटून चार वर्षे झाली. पुणे-नगर रस्त्याची (शहराचे नाव आता अहिल्यानगर असले तरी रस्त्याला लोक जुनेच नाव देतात) कथा आणखी वेगळी. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे कंटेनर धावतात आणि त्यांच्या चाकांशेजारून पाळीला जाणारे कंत्राटी कामगार सायकली हाणत असतात. त्या रस्त्यावर हजारो कोटींच्या उन्नत मार्गाची योजना आहे. त्या आराखड्याच्या चर्चेत सायकल हा शब्द आम्ही अद्याप ऐकलेला नाही. दौंडमध्ये कुरकुंभ मोरीतून रेल्वेखालून जाताना पावसाळ्यात काय होते, ते दौंडकरांना सांगायला नको.

रस्त्यावरील भीती सर्वांना सारखी नसते, हे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आम्हांला फार जवळून दिसले. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला, त्यांत दोन मुले होती. त्या काळात आमच्या कित्येक विद्यार्थिनींच्या घरच्यांनी त्यांचे सायकलने येणे बंद केले. उसाच्या दोन फडांमधली वाट, दिवस लहान, शेवटचा तास साडेपाचला सुटणार. आम्ही काय केले? आम्ही आठ दिवस मोटारीने गेलो. आमच्याकडे मोटार होती. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप कित्येक महिने चालला, तेव्हाही असेच झाले होते. ज्यांच्या घरी जुनी सायकल होती ती मुले आली, बाकीच्यांच्या गैरहजेरीचे आम्ही रकाने भरले.

आणि मग जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यात झाली. आम्ही ती आवडीने पाहिली, टाळ्या वाजवल्या. परदेशी सायकलपटूंचा तांडा समोरून सूंऽ करत जातो तेव्हा अंगावर काटा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते तिच्यासाठी झपाट्याने नवे करण्यात आले, ही गोष्ट टाळ्यांच्या आवाजात विसरता येत नाही. रस्ता चांगला करता येतो. त्यासाठी यंत्रे आहेत, डांबर आहे, अभियंते आहेत. सायकलवर कोण बसणार आहे, यावर सारे अवलंबून. पुणे शहरासाठी २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या, तेव्हा इतकी घाई कोणाला झाली नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. दर सर्वांना एकच असल्याने सहा हजारांच्या सायकलीमागे पावणेचारशे रुपये वाचतात आणि आमच्यातील सर्वांत महाग सायकलीमागे दहा हजारांवर.

आमच्या सायकलमित्रांना (दौंड-शिरूर भागात असे डॉक्टर, बँकवाले, बागायतदार, अध्यापक मिळून पुष्कळ आहेत) आमचे एवढेच विचारणे आहे. कित्येक दशकांनी या रस्त्यांच्या साइडपट्टीवर अशी माणसे उतरली आहेत ज्यांचा फोन तहसील कचेरीत उचलला जातो. हे सामर्थ्य आपण आजवर कशासाठी वापरले? रविवारच्या फेरीला पोलीस बंदोबस्त मिळावा, पदके वाटायला प्रमुख पाहुणे मिळावेत, महाविद्यालयात कुलूपबंद खोली मिळावी. रोज सकाळी सहाला त्याच रस्त्याने जाणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या साइडपट्टीसाठी आपल्या गटाने कधी अर्ज दिला आहे काय? आम्ही तर दिला नव्हता. आम्ही पर्यावरणावर चार वाक्ये तेवढी दिली होती.

त्या चार वाक्यांचे प्रायश्चित्त म्हणा, या वर्षी आम्ही सार्वजनिक बांधकाम विभागाला द्यायचा एक अर्ज लिहिला. मागण्या तीन: साइडपट्ट्या डांबराच्या पातळीला आणाव्यात, हंगामात परावर्तक नसलेल्या ट्रॉल्यांवर कारवाई व्हावी आणि फाट्यावर दिवा लावावा. पहिला मसुदा इतका अलंकारिक झाला होता की आमच्याच एका विद्यार्थ्याने, तो ग्रामपंचायतीत काम करतो, तो अर्ध्या पानावर आणला. महाविद्यालयाकडे वेगळी मागणी केली की एकच शेड बांधावी आणि सर्व सायकली तिथेच लागाव्यात. तोवर आमच्या सायकली टाकीमागे भिंतीला टेकून उभ्या असतात, कारण त्यांना स्टँड नाही.

सह्या गोळा करताना आम्ही मामांकडे गेलो. त्यांनी अर्ज पूर्ण वाचून घेतला, ट्रॉल्यांचा मुद्दा त्यांना पटला, फाट्यावरच्या दिव्याला ते “हे झ्याक” म्हणाले. मग वरची ओळ बोटाने दाखवून म्हणाले, “पण ह्यात माझी सही कशी चालंल, सर? हितं लिवलंय सायकलिंग करणारे नागरिक. म्या कुठं सायकलिंग करतो? म्या नुस्ता येतो-जातो.”

ओळ आम्ही तिथल्या तिथे पेनाने खोडली आणि वर ‘सायकलने येणारे-जाणारे’ असे लिहिले. मामांनी सही केली. खोडलेल्या प्रतीवर विभाग हरकत घेईल म्हणून अर्ज पुन्हा टंकित करावा लागला आणि सर्वांच्या सह्या नव्याने घेणे सध्या चालू आहे.